शॉर्टकट की सिमलिंक? डेस्कटॉपवर कोडमधून नेमके काय बनवायचे

विंडोजच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट आणि सिम्बॉलिक लिंक, म्हणजेच सिमलिंक, शेजारी ठेवले तर फरक चटकन कळत नाही. दोन्हींच्या कोपऱ्यात तोच छोटा बाण असतो आणि डबल क्लिक केले की दोन्ही मूळ फाइल उघडतात. शॉर्टकटचे ‘डॉट एलएनके’ हे एक्स्टेन्शन पाहून ओळखावे, तर तेही दिसत नाही. फाइलची एक्स्टेन्शन दाखवण्याची सेटिंग चालू असली तरी विंडोज हे एक्स्टेन्शन लपवूनच ठेवते. कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइलींची यादी दाखवणारी ‘डीआयआर’ कमांड चालवली की मात्र उलगडा होतो. शॉर्टकट तिथे त्याच्या एक्स्टेन्शनसह साध्या फाइलसारखा दिसतो, तर दुसऱ्याच्या पुढे ‘सिमलिंक’ असे स्पष्ट लिहिलेले असते.

शॉर्टकट विंडोज ९५ पासून आहे. ती एक स्वतंत्र, छोटी बायनरी फाइल असते. मूळ प्रोग्रॅमचा पत्ता, त्याला द्यायचे आर्ग्युमेंट (चालू होताना सोबत दिलेली सूचना), कोणत्या फोल्डरमधून चालवायचे, आयकॉन कोणता, खिडकी किती मोठी उघडायची, हे सगळे तिच्यात साठवलेले असते. ही माहिती वाचून समजून घेण्याचे काम विंडोज शेलचे, म्हणजे प्रामुख्याने फाइल एक्सप्लोररचे. सिमलिंक विंडोजमध्ये व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आली आणि ती राहते थेट एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइली साठवण्याच्या व्यवस्थेत. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडायला घेतली की फाइल सिस्टिमच त्याला मूळ फाइलकडे नेते. प्रोग्रॅमला बहुतेक वेळा हे कळतही नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पायथॉनमध्ये दोन्ही फाइली बायनरी मोडमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे वाचत) उघडून पहिले चार बाइट छापा. एखाद्या टेक्स्ट फाइलच्या सिमलिंकमधून तुम्हाला त्या टेक्स्टचीच पहिली अक्षरे मिळतील. तिच्याच शॉर्टकटमधून मात्र ‘एल’ हे अक्षर, म्हणजे ७६ हा आकडा, आणि पुढे तीन शून्ये येतील. शॉर्टकटच्या हेडरची, म्हणजे सुरुवातीच्या ठरावीक भागाची, लांबी ७६ बाइट असते, तीच इथे सुरुवातीला नोंदवलेली आहे. ‘कॉन्फिग फाइलचा (प्रोग्रॅमच्या सेटिंगच्या फाइलचा) शॉर्टकट बनवून दिला, तरी प्रोग्रॅम ती वाचत नाही’ या तक्रारीचे मूळ इथे सापडते. प्रोग्रॅम आपल्या परीने बरोबर वाचतो आहे, त्याच्यासमोर फाइलच वेगळी आली आहे.

म्हणून माझे मत ठाम आहे: माणसाने क्लिक करायचे असेल तर शॉर्टकट, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचायचे असेल तर सिमलिंक. डेस्कटॉपवर क्लिक माणूसच करतो, त्यामुळे तिथे जवळपास नेहमी शॉर्टकटच हवा. सिमलिंकला ना आर्ग्युमेंट देता येते, ना वेगळा आयकॉन.

शॉर्टकट बनवण्याचा सोपा रस्ता म्हणजे ‘डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट शेल’ हे कॉम ऑब्जेक्ट, म्हणजे कोणत्याही भाषेतल्या कोडमधून बोलावता येणारा विंडोजचा तयार घटक. ते पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट भाषेतूनही वापरता येते. त्याची ‘क्रिएटशॉर्टकट’ मेथड बोलावायची, ‘टार्गेटपाथ’ आणि बाकीच्या प्रॉपर्टी भरायच्या आणि शेवटी ‘सेव्ह’ करायचे. नावात ‘क्रिएट’ असले तरी ‘सेव्ह’ होईपर्यंत डिस्कवर काहीही तयार होत नाही. ‘वर्किंगडिरेक्टरी’ भरायला अजिबात विसरू नका. जो प्रोग्रॅम आपल्या डेटा फाइली चालू फोल्डरमध्ये शोधतो, तो एरवी नीट चालतो आणि शॉर्टकटवरून उघडला की ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो, यामागे बऱ्याचदा हीच रिकामी प्रॉपर्टी असते.

डेस्कटॉपचा पत्ताही कोडमध्ये हाताने लिहू नये. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेला असतो. त्याच ऑब्जेक्टच्या ‘स्पेशलफोल्डर्स’कडून पत्ता मागितला की खरी जागा मिळते.

मराठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हे जुने ऑब्जेक्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत कच्चे आहे. संगणकाच्या एएनएसआय कोडपेजमध्ये (युनिकोडपूर्वीच्या, मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यात) नसलेली अक्षरे आली की ते अडते, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असे कोडपेज कधी नव्हतेच. ‘हिशेबवही’ नावाने शॉर्टकट सेव्ह करायला गेलात तर एरर येण्याची किंवा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याची पूर्ण शक्यता. पण तेवढ्यासाठी नाव इंग्रजीत ठेवण्याची गरज नाही. सी प्लस प्लस किंवा सी शार्पमधून ‘आयशेललिंक’ या इंटरफेसची युनिकोड आवृत्ती वापरा आणि ‘आयपर्सिस्टफाइल’मार्फत सेव्ह करा. कोड थोडा वाढतो, पण आपल्या वापरकर्त्याला आपल्या लिपीतले नाव दिसते. तेवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

सिमलिंकचा कोड याहून छोटा. पायथॉनमध्ये ‘ओएस डॉट सिमलिंक’, पॉवरशेलमध्ये ‘न्यू-आयटम’, कमांड प्रॉम्प्टवर ‘एमकेलिंक’. अडचण परवानगीची असते. साध्या वापरकर्त्याला विंडोजमध्ये सिमलिंक बनवता येत नाही, त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून विंडोज १० मध्ये डेव्हलपर मोड (प्रोग्रॅमरसाठीची सेटिंग) चालू करून ही अट टाळता येते, पण ग्राहकाच्या संगणकावर तो चालू असेल असे धरून चालू नका. शिवाय फॅट ३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर सिमलिंक बनतच नाही.

मूळ फाइल हलवली तर? सिमलिंक तुटते, विषय संपला. शॉर्टकटमध्ये मात्र मूळ फाइलचा आकार, तारखा आणि ड्राइव्हचा सीरियल क्रमांकही नोंदवलेला असतो आणि विंडोज त्यावरून ती शोधून पाहते. कॉपी करतानाही वागणे उलटे आहे: शॉर्टकट कॉपी केला की तीच छोटी फाइल कॉपी होते, तर सिमलिंक साध्या कोडने कॉपी केली की सहसा मूळ फाइलचा मजकूरच्या मजकूर पलीकडे जातो.

अनइन्स्टॉलच्या वेळी शॉर्टकट साध्या फाइलसारखा पुसून टाकला की झाले. फोल्डरच्या सिमलिंकला मात्र फोल्डर पुसण्याची ‘आरएमडीआयआर’ कमांडच वापरा, त्याने फक्त लिंक जाते. तिच्यावर फाइली पुसणारी ‘डीईएल’ चालवली तर कमांड मूळ फोल्डरमधल्या फाइली पुसायला घेते. ती आधी विचारते खरी, पण स्क्रिप्टमध्ये ‘क्यू’ स्विच दिलेला असेल तर तेही विचारत नाही.