अतिरिक्त शासकीय वस्तू: निर्लेखनापूर्वीचा विचार आणि हस्तांतरणाची पद्धत

आमच्या पेढीकडे शासकीय कार्यालये, नगरपरिषदा आणि शाळा प्रामुख्याने दोन कामांसाठी येतात. काहींना जुने फर्निचर दुरुस्त करून हवे असते, तर काहींना खोलीत वर्षानुवर्षे साचलेल्या वस्तूंची यादी करून निर्लेखनाचा, म्हणजे त्या वस्तू अधिकृतपणे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव तयार करायचा असतो. ही दोन्ही कामे एकमेकांशी किती निगडित आहेत आणि एका कार्यालयाला नको असलेली वस्तू दुसऱ्या कार्यालयाच्या उपयोगी कशी आणता येते, हे आमच्या ग्राहकांना नीट समजावे, यासाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे.

केंद्र शासनाच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू आहेत. त्यातील नियम २१७ मध्ये अतिरिक्त, कालबाह्य आणि निरुपयोगी असे तीन स्वतंत्र शब्द आहेत. वस्तू त्या विभागाच्या उपयोगाची राहिली नसेल, तर तिला यांपैकी योग्य त्या प्रकारात घालता येते. मात्र तसे करण्याची कारणे वस्तू खरेदी करण्यास सक्षम असलेल्या प्राधिकाऱ्याने लेखी नोंदवली पाहिजेत. आवश्यक वाटल्यास तो प्राधिकारी त्यासाठी समिती नेमू शकतो. प्रत्यक्षात मात्र घाईने केलेल्या याद्यांमध्ये सरसकट ‘निरुपयोगी’ असा शेरा मारलेला आढळतो, आणि आमच्या मते खरे नुकसान तेथेच होते. ‘अतिरिक्त’ म्हणजे धडधाकट पण आपल्याला नको असलेली वस्तू. तिच्यासमोर ‘निरुपयोगी’ लिहिले की ती मागण्याचा विचारही दुसरे कार्यालय करत नाही आणि वस्तू थेट भंगाराच्या दराने जाते.

एका कार्यालयाच्या यादीत बावीस सागवानी खुर्च्या याच शेऱ्याखाली होत्या. आम्ही त्या अंगणात उलट्या मांडून एकेक तपासली. पंधरा खुर्च्यांचा सांगाडा घट्ट होता, सांधे हलत नव्हते, वाळवीचा मागमूस नव्हता. फक्त बैठकीचा वेत फाटलेला होता. उरलेल्या सातांपैकी चारांचे पाय कुजलेले होते आणि तीन खुर्च्यांचे लाकूड सुट्या भागांसाठी वापरता आले. पंधरा खुर्च्या नव्याने विणून त्याच कार्यालयाच्या अभ्यागत कक्षात ठेवल्या गेल्या. यादी करण्याआधी प्रत्येक वस्तू हाताळून पाहावी, असा आग्रह आम्ही धरतो तो यामुळेच.

हस्तांतरणाची नोंद

एका कार्यालयाची वस्तू दुसऱ्याकडे जाते तेव्हा टेम्पो आणि हमाल सहज मिळतात. राहून जाते ती नोंद. देणाऱ्या कार्यालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीतून (फर्निचरसारख्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतून, म्हणजेच डेड स्टॉक रजिस्टरमधून) ती वस्तू सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहून कमी केली पाहिजे, घेणाऱ्याने आपल्या नोंदवहीत ती जमा करून नवा क्रमांक दिला पाहिजे आणि स्वाक्षरीची पोच परत पाठवली पाहिजे. यातील एक जरी कागद राहिला, तरी एका ठिकाणी वस्तू नोंदीत आहे पण जागेवर नाही आणि दुसऱ्या ठिकाणी जागेवर आहे पण नोंदीत नाही, अशी स्थिती होते, आणि लेखापरीक्षणात दोन्ही कार्यालयांवर आक्षेप येतो. आमच्याकडे रंगकामासाठी आलेल्या एका लोखंडी कपाटाच्या पाठीवर पांढऱ्या तैलरंगात तीन कार्यालयांचे तीन क्रमांक होते आणि त्यांपैकी एकही खोडलेला नव्हता. रंग देण्यापूर्वी आम्ही अशा क्रमांकांची छायाचित्रे काढून ठेवतो; आपणही तसेच करावे. नोंदवहीतील क्रमांक आणि वस्तूवरील क्रमांक जुळणे हा हस्तांतरणाचा भक्कम पुरावा असतो.

निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत वस्तूची पुस्तकी किंमत (घसारा वजा जाता उरलेली नोंदीतील किंमत) लागते. ती काढणे शक्य नसल्यास मूळ खरेदी किंमत धरण्याची मुभा केंद्राच्या नियमात आहे, म्हणून जुनी देयके टाकून देऊ नयेत. वस्तू कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे बिघडली असल्यास जबाबदारी निश्चित करावी लागते, हेही त्याच नियमात आहे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ पाहावी. कोणत्या अधिकाऱ्याला किती रकमेपर्यंत निर्लेखनाचे अधिकार आहेत, याची खात्री आपल्या लेखाशाखेकडून आधी करून घ्यावी.

इतर कोणत्याही कार्यालयाला वस्तू नको असल्यास विक्रीचा मार्ग येतो. केंद्राच्या नियमानुसार अंदाजित मूल्य दोन लाख रुपयांहून अधिक असल्यास जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव करावा लागतो. त्याखालील वस्तूंची पद्धत सक्षम प्राधिकारी ठरवतो. जेम (शासकीय खरेदीसाठीची केंद्राची ऑनलाइन बाजारपेठ) आणि एमएसटीसी (केंद्र शासनाची कंपनी) यांच्या संकेतस्थळांवर ऑनलाइन लिलाव होतात. भंगाराच्या दराने विक्री हा विक्रीचे प्रयत्न फसल्यानंतरचा पर्याय आहे.

काही वस्तूंच्या बाबतीत पुनर्वापराचा मोह टाळलाच पाहिजे. मुदत संपलेली औषधे आरोग्यास व पर्यावरणास धोका होणार नाही अशा रीतीने तातडीने नष्ट करायची असतात. जुने संगणक देण्यापूर्वी त्यांतील माहिती पूर्णपणे पुसावी. ते दुरुस्त होण्यासारखे नसतील, तर फेरीवाल्या भंगार विक्रेत्याला न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या व्यावसायिकाकडेच सोपवावेत. वाहनांचा प्रश्न वेळेशी बांधलेला आहे. त्याच दिनांकापासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही आणि ती नोंदणीकृत मोडतोड केंद्रात द्यावी लागतात. त्यामुळे एखादी जीप दुसऱ्या कार्यालयाला द्यायची असेल, तर ती दारात गंजण्याची वाट न पाहता दहाव्या-बाराव्या वर्षीच विचार करावा.

वेळेवर विचार केल्यास काय साधते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात एसटी महामंडळाने जुन्या प्रवासी गाड्यांतील बाके काढून त्या मालवाहतुकीसाठी वापरात आणल्या. पुण्यात शहर वाहतुकीच्या जुन्या बसगाड्यांमध्ये महिलांसाठी स्वच्छतागृहे उभी राहिली. दोन्ही ठिकाणी गाडीचे मूळ काम संपले होते, पण सांगाडा शाबूत होता, आणि तो कशासाठी वापरता येईल हे कोणीतरी मोडतोडीपूर्वी विचारले.

आमच्या पाहणीसाठी वेळ ठरवताना नोंदवहीतील संबंधित पानांची छायाप्रत, शेवटच्या वार्षिक पडताळणीचा अहवाल आणि उपलब्ध असल्यास खरेदीची देयके तयार ठेवावीत. वस्तू शक्यतो एका जागी, क्रमांक दिसतील अशा रीतीने मांडाव्यात. पाहणीनंतर आम्ही प्रत्येक वस्तूपुढे तिची सद्यस्थिती, दुरुस्तीचा अपेक्षित खर्च आणि त्याच प्रकारच्या नव्या वस्तूची किंमत लिहून देतो. निर्णय मात्र आपल्या समितीचा व सक्षम प्राधिकाऱ्याचा असतो. लिलावात निघालेल्या ज्या वस्तूंची आम्ही पाहणी केली आहे, त्यांवर आमची पेढी स्वतः बोली लावत नाही.