दुधाची ग्रंथी आणि ‘वाढ घटक’ या नावाचा गुंता

बडोद्याच्या दांडिया बाजारातील मराठी घरांत गवळ्याकडून चीक आला की खरवस शिजतो. शेजारचे गुजराती कुटुंब त्यालाच बळी म्हणते. या चिकात नेहमीच्या दुधापेक्षा वाढ घटकांचे, म्हणजे पेशींच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या प्रथिनांचे, प्रमाण बरेच जास्त असते. ज्या कासेत तो तयार होतो, ती कास घडवण्यातही याच कुळातील घटकांचा हात असतो, हे मात्र फार उशिरा उमगले.

1950च्या दशकात अंडाशय, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांवरील प्रयोगांतून दिसले, की केवळ इस्ट्रोजेन दिल्याने दुग्धनलिका वाढत नाहीत. सोबत वाढीचे संप्रेरकही लागते. या संप्रेरकाचे काम बरेचसे इन्सुलिनसदृश वाढ घटक-1 करतो, हे 1990च्या दशकात स्पष्ट झाले. त्याआधी, 1962 साली, उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळे केलेल्या एका प्रथिनाने नवजात पिल्लांचे डोळे लवकर उघडले होते. तेच पुढे एपिडर्मल वाढ घटक म्हणून ओळखले गेले.

खरा घोटाळा ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा या नावाने झाला. प्रयोगशाळेतील बशीत निरोगी पेशी त्याच्या प्रभावाखाली कर्कपेशींसारख्या वागू लागल्या, म्हणून नावात ‘रूपांतर’ही आले आणि ‘वाढ’ही. परंतु 1987 साली हाच घटक हळूहळू झिरपेल अशा बारीक गोळ्या कोवळ्या उंदरिणींच्या स्तनग्रंथीत ठेवल्या, तेव्हा नलिकांच्या टोकाचे फुगीर अंकुर काही दिवसांत आक्रसले आणि गोळीचा प्रभाव ओसरल्यावर पुन्हा वाढू लागले. नाव वाढीचे आणि काम लगाम घालण्याचे! हा लगाम मोलाचा आहे, कारण नलिकांमध्ये मोकळी जागा राहिली, तरच गाभणपणात दुधाच्या पुटिका (दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या) तिथे भरू शकतात. मराठी पाठ्यलेखनात सरसकट ‘वाढ घटक’ लिहिले जाते, तेव्हा ही बाजू झाकली जाते. माझ्या मते ‘वाढ-नियामक’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरेल.

2000नंतरच्या संशोधनाने चित्र आणखी बदलले. इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून नलिकेच्या पेशी एपिडर्मल वाढ घटकाच्या कुळातील अ‍ॅम्फिरेग्युलिन सोडतात. ते पकडणारा ग्राही मात्र भोवतालच्या चरबीयुक्त आधार-ऊतीत असणे आवश्यक असते, आणि तिथून उलट येणाऱ्या संदेशावर नलिका पुढे सरकते. त्यामुळे आता अभ्यासक नलिकेइतकेच तिच्या भोवतीच्या चरबीकडेही लक्ष देतात.