दहाची लिमिट लावली, मग चारच का मिळतात?

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत क्लास, अभ्यासिका आणि वसतिगृहं दाटीवाटीनं आहेत. एकाच फायबर कनेक्शनवर तीस-चाळीस जण बसतात, म्हणून स्विचच्या (एक कनेक्शन अनेक केबलींत वाटणाऱ्या पेटीच्या) पोर्टला, म्हणजे केबल खोचायच्या जागेला, वेगाची लिमिट लावावी लागते. पण दहा एमबीपीएसची (सेकंदाला एक कोटी बिट) लिमिट लावली तरी कधी कधी हाती चारच येतात. त्याबाबत एक समज सर्रास आढळतो: जादा आलेला डेटा स्विच अडवून ठेवतो आणि सावकाश पुढे सोडतो, राजाराम बंधाऱ्याला बरगे घातले की पंचगंगेचं पाणी मागे साठतं तसा. अशी साठवण करणारी पद्धत आहे, तिला शेपिंग म्हणतात. पण पोर्टमधून आत येणाऱ्या डेटावर बहुतेक स्विच पोलिसिंग करतात. त्यात साठवण नसते, मर्यादेबाहेरचं पॅकेट (डेटाचा तुकडा) सरळ टाकून दिलं जातं.

'आत' हे स्विचच्या बाजूनं मोजायचं. विद्यार्थ्याच्या पोर्टवर आत येतो तो त्याचा अपलोड. डाउनलोड आवरायचा तर त्याच पोर्टच्या बाहेर जाणाऱ्या दिशेला किंवा राउटरवर लिमिट लावावी लागते.

आता बादली. स्विच प्रत्येक पोर्टसाठी टोकनांची, म्हणजे डेटा पुढे सोडायच्या परवान्यांची, एक बादली धरतो. १० एमबीपीएसची लिमिट असेल तर तिच्यात दर मिलिसेकंदाला १,२५० बाइटची टोकनं पडतात. पॅकेट आलं की त्याच्या आकाराइतकी टोकनं खर्च होतात. पुरेशी नसतील तर पॅकेट बाद. बादली भरल्यावर पडणारी टोकनं वाहून जातात, पुढच्यासाठी उरत नाहीत.

समजा पोर्ट एक गिगाबिटचा आहे आणि बादली १६,००० बाइटची. १,५१८ बाइटची पूर्ण फ्रेम (तारेवरून जाणारं भरलेलं पॅकेट) या तारेवरून साधारण १२ मायक्रोसेकंदांत येते. तिच्यापुरती टोकनं जमायला मात्र १.२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे शंभरपट वेळ. टीसीपीनं (पोचपावती बघत डेटा पाठवणाऱ्या पद्धतीनं) ४५ पॅकेट पाठोपाठ सोडली तर सगळी अर्ध्या मिलिसेकंदात येऊन धडकतात. दहाएक पार होतात, पस्तीस बाद. पॅकेट हरवली म्हणजे वाटेत गर्दी आहे असं टीसीपी समजतो आणि वेग झपाट्यानं उतरवतो. नुकसान फार झालं तर पाठवणारा टाइमआउट होईपर्यंत गप्प बसतो. लिनक्समध्ये तो किमान २०० मिलिसेकंदांचा असतो. रिकामी बादली तर १३ मिलिसेकंदांतच काठोकाठ भरते. उरलेल्या वेळात पडलेली सगळी टोकनं वाया. दहातले चारच हाती येतात ते यामुळे.

म्हणून बादली मोठी हवी. १०० मिलिसेकंदांची टोकनं मावतील असा आकार, म्हणजे १० एमबीपीएसला १,२५,००० बाइट, सुरुवातीला ठीक. फार मोठी केली तर लांबलचक झोत लिमिट न जुमानता पुढे जातो आणि शेजाऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो.

सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट स्विचवर 'पोलीस १०००००००  १२५०००' असे दोन आकडे द्यावे लागतात. पहिला लिमिटचा, बिटमध्ये; दुसरा बादलीचा, बाइटमध्ये. इथे गफलत झाली की आठपटीचा फरक पडतो. त्याआधी 'एमएलएस क्यूओएस' (डेटाला प्राधान्य देण्याची सोय) चालू करावं लागतं. ते केल्यावर, पोर्टला 'ट्रस्ट' (आलेल्या खुणेवर विश्वास ठेव) सांगितलं नसेल तर, फोनच्या आवाजाच्या पॅकेटवरची प्राधान्याची खूण पुसली जाते. बिघाड मग भलतीकडेच दिसतो.

सोन्याचा मुलामा दिलेली 'गेमिंग केबल' घेऊन यातलं काहीही सुटत नाही. पॅकेट केबलमध्ये हरवत नाहीत, स्विच ती जाणूनबुजून टाकतो.

तपासायचं तर विद्यार्थ्याच्या पोर्टवरून आयपर्फ३ (वेग मोजायचं साधन) दोनदा चालवावं: एकदा यूडीपीवर (पोचपावतीची वाट न बघता पाठवत राहणाऱ्या पद्धतीवर) १२ एमबीपीएसनं, एकदा टीसीपीवर. यूडीपीचे समोर साडेनऊच्या आसपास पोचले आणि टीसीपी चार-पाचवर अडकला, तर बादली लहान आहे. दोन्ही साडेनऊला आले तर लिमिट बरोबर लागली. उरलेला अर्धा हेडरमध्ये (पॅकेटवरच्या पत्त्यासारख्या माहितीत) जातो. पिंगवर भरवसा ठेवू नये, त्याची पॅकेट इतकी लहान आणि विरळ असतात की बादलीला त्यांचा पत्ताही लागत नाही.