घोड्यावरचा राजपुत्र: कंबरलंडच्या चित्राची पार्श्वभूमी

लाल कोट, गार्टर या मानाच्या इंग्रज किताबाची निळी फीत, मागे रणांगण. ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याचा धाकटा मुलगा विल्यम, ड्यूक ऑफ कंबरलंड, याला स्विस चित्रकार डेव्हिड मॉरियरने अनेकदा असे घोड्यावर रंगवले. ही परंपरा जुनी होती. तिशियनने १५४८ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईचा विजेता, पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स अश्वारूढ रंगवला, व्हॅन डाइकने १६३३ मध्ये इंग्लंडचा पहिला चार्ल्स. ज्याची घोड्यावर मांड पक्की, त्याची राज्यावरही पक्की, हे त्यातून सांगायचे असे.

कंबरलंडच्या काळात ते सांगण्याची निकड होती. मे १७४५ मध्ये फाँतन्वाच्या लढाईत फ्रेंचांनी त्याला हरवले. त्याच उन्हाळ्यात पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्यातला चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगत स्कॉटलंडात उतरला आणि त्याची फौज पार इंग्लंडातल्या डर्बीपर्यंत आली. १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडातल्या कलोडनच्या माळावर नुकतीच पंचविशी गाठलेल्या ड्यूकने तासाभराच्या आत हे बंड मोडले. लंडनने त्याला डोक्यावर घेतले. संगीतकार हँडेलचे 'ज्युडास मॅकाबियस' हे गायनकाव्य त्याच विजयाच्या गौरवासाठी रचलेले आहे.

चौकटीबाहेर मात्र जखमींची कत्तल होती, जाळलेली घरे होती, हाकून नेलेली गुरे होती. हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या, पारंपरिक पोशाखावरही कायद्याने बंदी आली. 'खाटीक' हे नाव ड्यूकला तेव्हाच चिकटले. हे ठाऊक नसताना ते चित्र पाहणे मला अपुरे वाटते.

मॉरियरचे खरे मोल मला त्याच्या दुसऱ्या कामात दिसते. ड्यूकच्याच आश्रयाने त्याने १७५१च्या सुमारास पलटणीपलटणीचे ग्रेनेडियर, म्हणजे निवडक पायदळ सैनिक, रंगवले. टोपीवरची चिन्हे, कोटाच्या बाह्यांचे रंग, काठांच्या फिती, सारे नजरेने टिपलेले. त्या काळच्या ब्रिटिश गणवेशांचा अभ्यास करणाऱ्याला या चित्रांकडे यावेच लागते.

१७५७ मध्ये जर्मनीत हास्टेनबेकला फ्रेंचांकडून ड्यूकची हार झाली, त्यानंतर त्याने केलेला क्लोस्टरझेव्हेनचा तह बापाला रुचला नाही आणि ड्यूकने सेनापतिपद सोडले. १७६५ मध्ये तो वारला. आश्रयदाता गेल्यावर मॉरियर कर्जात बुडाला, लंडनमधल्या फ्लीटच्या तुरुंगात पडला आणि १७७० मध्ये मरण पावला.

त्याच वर्षी लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये ड्यूकचा शिशाचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. १८६८ मध्ये तो काढला, चौथरा तेवढा राहिला. २०१२ मध्ये कोरियन शिल्पकार मीक्यंग शिन यांनी त्यावर साबणाचा पुतळा बसवला. तो पावसात हळूहळू झिजत गेला.