"विश्वास कमी पडला" हे वाक्य आलं कुठून? विश्वास आणि प्रार्थनेच्या नात्याची पार्श्वभूमी

आजारी माणसाच्या बेडजवळ उभं राहून कोणीतरी बोलून जातं, तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून प्रार्थनेचं उत्तर येत नाहीये. मी हे स्वतः ऐकलंय आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कसा पडतो तेही बघितलंय. बोलणारा वाईट नसतो, त्याला मनापासून तसंच वाटत असतं. पण आधी विश्वास पुरेसा पाहिजे, मगच प्रार्थना लागू पडते, हा हिशोब ख्रिस्ती लोकांमध्ये पहिल्यापासून असाच होता का हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात यहुदी लोकांच्या प्रार्थनेत आहे, कारण येशू आणि त्याचे शिष्य त्याच प्रार्थना म्हणत मोठे झाले. हिब्रूमध्ये विश्वासासाठी 'एमुना' हा शब्द आहे, आणि एखादी गोष्ट डोक्याने खरी मानणं यापेक्षा धरून राहणं, भरवशाचं असणं हा अर्थ त्यात जास्त आहे. प्रार्थना संपताना आपण 'आमेन' म्हणतो तो शब्दही त्याच धातूचा, म्हणजे दोन्ही एकाच घरातले. स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, त्यातली १५० स्तोत्रं बघा, त्यातली कितीतरी विलापाची आहेत, १३वं तर थेट विचारतं की परमेश्वरा, अजून किती वेळ मला विसरून राहणार, आणि ८८वं तर संपतंच अंधारात, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी कोणी ते वगळलं नाही. देवाकडे तक्रार करणं हा पण त्याला धरून राहण्याचाच प्रकार समजला जायचा, आणि मला वाटतं ही गोष्ट आपण नंतर फार विसरलो.

येशूने प्रार्थना शिकवली (तिलाच प्रभूची प्रार्थना म्हणतात) ती बायबलच्या नव्या करारात मत्तय ६ आणि लूक ११ या अध्यायांत आहे, त्यात रोजची भाकर आहे, क्षमा आहे, पण माझा विश्वास इतका इतका आहे असं कुठे सांगायचं नाही. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत तो 'अब्बा', म्हणजे बाबा, म्हणून हाक मारतो, हा दुःखाचा प्याला दूर कर म्हणतो आणि लगेच माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे असंही म्हणतो. प्याला दूर झाला नाही. वधस्तंभावर त्याच्या तोंडी जे शब्द आले, माझ्या देवा तू मला का सोडलंस, ते २२व्या स्तोत्राचे. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या एका त्रासासाठी, ३ वेळा विनंती केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढं उत्तर मिळालं. यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? दुसऱ्या बाजूला याकोबाचं पत्र संशय न धरता मागा असं सांगतं आणि विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील असंही सांगतं. दोन्ही ओळी नव्या करारात पहिल्यापासून आहेत, नंतरचे सगळे वाद त्यातूनच निघालेत.

सुरुवातीच्या मंडळ्यांमध्ये दिवसातून ३ वेळा प्रभूची प्रार्थना म्हणा असा साधा नियम दिदाखे या जुन्या पुस्तकात सापडतो, मनात कसं वाटतंय याची अट नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने अवघड प्रश्न हातात घेतला की देवाला सगळं आधीच माहीत आहे तर मागायचं कशाला. पण माझ्या मते खरं वळण पाचव्या शतकातलं आहे. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने देवाला लिहिलं होतं की तू जी आज्ञा करतोस ती पाळायची ताकद तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये पेलागियस या धर्मशिक्षकाने ही ओळ ऐकली आणि तो भडकला, कारण माणसाने स्वतःच्या जोरावर चांगलं वागायला पाहिजे असं त्याचं म्हणणं. मग जो मोठा वाद झाला त्यात ऑगस्टीनच्या बाजूचा प्रॉस्पर एक फार साधा मुद्दा मांडतो. मंडळी रोज प्रार्थना करते की विश्वास नसलेल्यांना देव विश्वास देवो, आणि विश्वास जर माणूस स्वतःच तयार करू शकत असता तर ही प्रार्थना करायचं कारणच काय? म्हणजे इथे प्रार्थना आधी येते आणि विश्वास तिच्यातून मागून घेतला जातो. आपल्या डोक्यातला क्रम इथे पूर्ण उलटा झालेला दिसतो.

मधली शतकं मी पटकन उरकतो. मठांमध्ये दिवसरात्र ठरलेल्या वेळी स्तोत्रं म्हणायची पद्धत बेनेडिक्ट या संन्याशाने मठांसाठी लिहिलेल्या नियमाने पक्की झाली, मन लागो न लागो, घंटा झाली की उठायचं. पूर्वेकडच्या मठांनी येशूचं नाव घेत छोटी प्रार्थना सतत म्हणायची सवय जपली.

१५१७ मध्ये जर्मनीत चर्चसुधारणेची चळवळ सुरू झाली आणि तिचा पुढारी लूथर याने विश्वास हाच मध्यभागी आणला. माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो हे शिकवणारा हाच माणूस १५३५ मध्ये त्याच्या न्हाव्यासाठी प्रार्थनेबद्दल एक छोटं पुस्तक लिहितो आणि सुरुवातीलाच कबूल करतो की कधीकधी प्रार्थना करायला मन थंड पडतं, तेव्हा तो स्तोत्रांचं पुस्तक घेतो आणि खोलीत किंवा चर्चमध्ये जातो. मन गरम होईपर्यंत वाट बघत बसत नाही. पुढे तोच सांगतो की आमेन मात्र ठामपणे म्हणा, देव ऐकतो यात शंका नको. त्याच चळवळीतल्या कॅल्विनने तर प्रार्थनेला विश्वासाचा मुख्य व्यायाम म्हटलं, आणि व्यायामाने अंगात ताकद येते, ती आधीच पूर्ण असावी लागत नाही.

मग आजचा हिशोब आला कुठून? एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्यूलरने १८३६ पासून अनाथाश्रम चालवले, कोणाकडे पैसे न मागता फक्त प्रार्थनेवर, आणि १० हजारांहून जास्त मुलं सांभाळली. लोकांना त्यातून खूप धीर मिळाला आणि तो खराच होता. त्याच शतकात प्रार्थनेने आजार बरे होण्यावर भर देणारी चळवळ वाढली, १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून पेंटेकॉस्टल लाट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर आणि चमत्कारांवर भर देणारी लाट, जगभर गेली. विसाव्या शतकात अमेरिकेत केनेथ हेगिन या प्रचारकाने विश्वास धरून तोंडाने कबूल करा म्हणजे मिळेल अशी शिकवण पसरवली. तो स्वतः लहानपणापासून आजारी होता आणि मार्क ११ मधल्या, प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच असा विश्वास धरा, या वचनावर विश्वास धरून १९३४ मध्ये अंथरुणातून उठलो असं त्याने सांगितलं, त्यामुळे त्याचा जोर कुठून आला ते कळतं. पण शिकवण हातोहाती फिरली तशी तिची दुसरी बाजू तयार झाली, मिळालं नाही म्हणजे तुझ्यातच कमी आहे. बेडजवळचं ते वाक्य मुख्यतः याच वाटेने आलंय, आणि दोन हजार वर्षांच्या मानाने ही वाट तशी नवीच आहे.

त्या वचनाच्या दोनच अध्याय मागे, मार्क ९ मध्ये, आजारी मुलाला घेऊन आलेला एक बाप आहे. येशू त्याला विश्वासाबद्दल बोलतो तेव्हा तो ओरडतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर. एकाच दमात दोन्ही. येशू त्याला परत जा, विश्वास पूर्ण करून ये असं म्हणत नाही, त्याच्या मुलाला हात धरून उठवतो.