शॅल आणि विल

इंग्रजी भाषेतील दोन साहाय्यक क्रियापदे. दोन्हींचा संबंध भविष्यकालाशी जोडला जात असला, तरी त्यांचे मूळ अर्थ काळाचे नव्हेत. ‘शॅल’ हे प्राचीन इंग्रजीतील ‘स्कुलन’ (देणे लागणे, बांधील असणे) या क्रियापदाचे रूप असून जर्मन ‘झोलेन’ त्याचे सगोत्र आहे; ‘विल’ हे ‘विलन’ (इच्छिणे) यापासून आले आणि लॅटिन ‘वेले’ व बहुधा संस्कृत ‘वृ’ (निवडणे) यांच्याशी त्याचे नाते आहे. प्राचीन इंग्रजीत भविष्यकालाचा स्वतंत्र प्रत्यय नव्हता, वर्तमानकाळावरच काम भागे. ती उणीव मध्ययुगीन इंग्रजीत या दोन क्रियापदांनी हळूहळू भरून काढली. पण बंधन आणि इच्छा यांच्या छटा त्यांना चिकटून राहिल्या.

प्रथमपुरुषी ‘शॅल’ व इतर पुरुषी ‘विल’ साधे भविष्य दर्शवतात आणि अदलाबदल केल्यास निश्चय, वचन वा धमकी सूचित होते, हा प्रसिद्ध नियम सामान्यतः जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणाशी जोडला जातो. अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी, विशेषतः विल्यम वॉर्ड (१७६५) याने, त्याचा विस्तार केला. हा नियम प्रत्यक्ष वापरातून आला की व्याकरणकारांनी तो घडवला, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझ यांनी १९२५ मध्ये नाटकांतील संवाद तपासून प्रथमपुरुषातही ‘विल’चेच प्राबल्य दाखवले व नियमाला आधार नसल्याचे मत मांडले. परंतु नाटकातील पात्रे निश्चय आणि वचने पुष्कळ बोलतात, हे लक्षात घेता त्या गणनेवरून साध्या भविष्याविषयी निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी. दक्षिण इंग्लंडमधील शिष्ट वर्गाचा खरोखरचा कल वॉलिसने टिपला व पुढच्यांनी त्याला सर्वत्र लागू होणाऱ्या नियमाचे रूप दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्कॉटलंड, आयर्लंड व अमेरिकेतील वापराशी हा नियम कधीच फारसा जुळला नाही, ही बाबही या मताला पोषक आहे.

आज ‘शॅल’ मुख्यतः प्रथमपुरुषी प्रश्नांत (‘शॅल आय ओपन द विंडो?’, म्हणजे ‘खिडकी उघडू का?’) आणि कायद्याच्या भाषेत टिकून आहे. कायद्यात ते बंधन दर्शवते. मात्र त्याच्या संदिग्धतेमुळे अमेरिकेतील संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांच्या २००७ च्या पुनर्लेखनात त्याच्या जागी बहुतेक ठिकाणी ‘मस्ट’ योजण्यात आले. ‘विल’ भविष्याखेरीज सवय, नकार आणि वर्तमानाविषयीचे अनुमानही व्यक्त करते: दारावर थाप पडताच ‘दॅट विल बी द पोस्टमन’ असे म्हणणारा भविष्य सांगत नसतो, अंदाज बांधत असतो. याच उपयोगांमुळे ‘विल’ला काळवाचक न मानता वृत्तिवाचक (वक्त्याचा अंदाज, इच्छा इत्यादी मनोभाव दर्शवणारे) मानावे आणि इंग्रजीत भविष्यकाळ हा व्याकरणिक काळच नाही असे म्हणावे, ही भूमिका हडलस्टन व पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी (२००२) घेतली आहे.