बाप एक म्हणून भाऊ? शर्यतीच्या घोड्यांत नाही

डर्बीची मोठी शर्यत जवळ आली की कुणीतरी हमखास लिहितं, 'हा त्याचा सावत्र भाऊ, दोघेही एकाच सायरचे.' नाहीत हो ते भाऊ! महालक्ष्मीच्या रेसबुकात सायर (बाप) आणि डॅम (आई) दोन्ही नावं छापलेली असतात, पण आपले लोक पहिलंच वाचून थांबतात.

थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, नातं आईवरून धरतात. आई एक आणि बाप वेगळे असतील तर सावत्र, दोन्ही एक असतील तर सख्खे. बाप एक पण आया वेगळ्या असतील तर भाऊ-बहीण म्हणतच नाहीत. 'अमक्या सायरची पोरं' म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

अर्बन सीचंच बघा. केंटकीत 1989 साली जन्मलेल्या या फिलीने 1993 साली पॅरिसजवळच्या लाँगशांवर 'आर्क' ही मोठी शर्यत जिंकली, तीही 37/1 च्या सट्ट्याच्या दराने. (घोडी चौथ्या वर्षापर्यंत फिली, नंतर मेअर. एवढ्यात घोळ घालायला खास प्रतिभा लागते.) पुढे ब्रीडिंगमध्ये तिने जे केलं त्यापुढे आर्कसुद्धा किरकोळ वाटावी. सॅडलर्स वेल्सपासून झालेल्या गॅलिलिओने 2001 ची इंग्लंडमधली एप्सम डर्बी मारली. केप क्रॉसपासून झालेल्या सी द स्टार्सने 2009 साली टू थाउजंड गिनीज (हीसुद्धा इंग्लंडमधली मोठी शर्यत), डर्बी आणि आर्क अशा तिन्ही घेतल्या. हे दोघे सावत्र भाऊ.

आता 2002 चा डर्बी विजेता हाय चॅपरल घ्या. तोही सॅडलर्स वेल्सचाच. 'लागोपाठ दोन वर्षं दोन भावांची डर्बी' असा मथळा सुचतो ना? चूक. हाय चॅपरलची आई वेगळी, म्हणजे गॅलिलिओशी भावाचं नातं नाही. उलट, किंग्ज बेस्ट हा 2000 सालचा टू थाउजंड गिनीज विजेता गॅलिलिओचा मामा लागतो, कारण तो आणि अर्बन सी दोघंही अलेग्रेटाच्या पोटची.

हा हट्ट उगाच नाही. घोडी अकरा महिने गाभण राहते, म्हणजे वर्षाला फार तर एक शिंगरू. मागणी असलेला स्टॅलियन (पैदाशीचा घोडा) मात्र एका हंगामात शंभरहून जास्त माद्यांना लावतात, तेही नैसर्गिक पद्धतीनेच, कारण थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मान्यता नाही. गॅलिलिओ स्वतः ब्रिटन-आयर्लंडमध्ये बारा वेळा चॅम्पियन सायर (ज्याच्या पोरांची वर्षाची कमाई सर्वात जास्त) झाला. त्याची सगळी पोरं एकमेकांची भावंडं धरली, तर मोठ्या शर्यतीत कधीकधी निम्मं कुटुंबच धावायचं. म्हणून लिलावाच्या कॅटलॉगमध्येही कुटुंब आईकडून मांडतात: आधी आई आणि तिची पोरं, मग आजी. मी तर पान उघडलं की सायरकडे नंतर बघतो.

विक्रीच्या जाहिरातीत 'फ्रँकेलचा भाऊ' (फ्रँकेल म्हणजे गॅलिलिओचा नामांकित पोरगा) दिसला, तर आईचं नाव विचारा. नोबल मिशन खरोखरच त्याचा सख्खा भाऊ: बाप गॅलिलिओ, आई काइंड. आई काइंड नसेल, तर त्या 'भावा'चे जास्तीचे पैसे देऊ नका.